दुपदरी गाळलेलं दूध

माझा धाकटा भाऊ लाकडाला पॉलिश करतो. कपाटं, खुर्च्या, जेवणाची टेबलं, एकदा तर कोणाचा तरी पियानोसुद्धा. चाळिशी आली तरी त्याची नखं मी कधी गोरी पाहिलेली नाहीत. त्याच्या धंद्यातली माणसं त्याला निवळ्या म्हणतात, आणि नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळले की हा ती बाटली कोपऱ्यात ठेवून देतो. मग तिला हात लावायचा नाही, धक्का द्यायचा नाही, शेजारून पाय आपटत जायचं नाही. चार दिवसांनी मेण, गाळ, कचरा सगळा तळाशी बसतो. वरचं निवळ तेवढं हा अलगद दुसऱ्या बाटलीत ओतून घेतो, तेही कापडातून, आणि तळाचं फेकून देतो. बाकीचे लोक बाजारातून तयार डबा आणतात, खळखळ हलवतात आणि लागतात फासायला. त्यांच्याकडे हा असा बघतो, जसे काही ते ह्याच्या ताटात थुंकलेत. ‘हलवलं की बुडबुडे आले, बुडबुडे आले की लाकूड गेलं,’ एवढं म्हणतो आणि पुन्हा कामाला लागतो.

बोलणं मुळात त्याच्या वाट्याला कमीच आलं. आमच्या आईने दोघांचं मिळून जे काही होतं ते सगळं मलाच देऊन टाकलं. मी लोकांचे कपडे दुरुस्त करते. चेन बदलायची, कंबर सैल करायची, पडदे आखूड करायचे, असली कामं. तळमजल्यावरची खोली माझी, वरच्या दोन त्याच्या. एकीत संसार, दुसरीत पॉलिश. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. त्यामुळे वरच्या घरात नाक खुपसायला मला भरपूर वेळ असतो आणि तो मी वाया घालवत नाही.

भावजय बस स्थानकात तिकिटाच्या खिडकीत बसते. लग्नाआधी ती एका मोठ्या डेअरीत वासरांच्या शेडमध्ये कामाला होती. वासरू जन्मलं की दुसऱ्या दिवशी ते गाईपासून उचलून आणायचं आणि बाटलीने पाजायचं, हे तिचं काम. पलीकडच्या गोठ्यातून गाय हंबरत राहायची. दोन वर्षं तिने ते ऐकलं. मग नोकरी सोडली आणि दूधही सोडलं. दूध, लोणी, अंडी, मांस, सगळंच. माझ्या भावाने लग्नानंतर महिन्याभरात तेच केलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं हो. ‘ती समोर बसून कोरडा पाव खाते आणि मी लोणी फासू?’ म्हणाला. मी म्हटलं, बरोबर आहे बाबा, ऐकावे जनाचे आणि करावे बायकोचे. तो हसला आणि पाव खात राहिला.

नऊ वर्षांनी त्यांना मुलगी झाली. कुठे काही गोड सांडलं की रांगत तिथे हजर, म्हणून मी तिला मुंगी म्हणायला लागले आणि तेच नाव चिकटलं. आता ही पोर काय खाणार, ह्यावरून माझं डोकं फिरलं होतं. मोठी माणसं काहीही सोडोत, पण दोन वितींच्या जिवाने काय घोडं मारलंय? हे मी रोज म्हणायचे. जिन्यात म्हणायचे, खिडकीतून म्हणायचे.

दोघं मुंगीला घेऊन दवाखान्यातल्या नर्सबाईकडे गेले. मला वाटलं, ती चांगली झापेल. पण तिने नाकसुद्धा मुरडलं नाही. कागद घेतला आणि लिहायला बसली. पोट मुठीएवढं असतं, त्यात नुसता पाला आणि कोंडा भरलात तर पोट भरेल पण पोर भरणार नाही, म्हणून डाळीत चमचाभर तेल घाला. शेंगदाणे अख्खे नकोत, वाटून पातळ करून पावाला लावा. डाळ, वाटाणे दिले की सोबत संत्र्याच्या दोन फोडी, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. चहाचा घोट नाही. बी-बाराचे थेंब रोज, ते विसरायचेच नाहीत. आणि अंगावरचं सुटलं की सोयाबीनचं दूध, साधं नव्हे, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घातलेलं, दिवसाला दोन मोठे कप. भावाने तो कागद स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला आणि ओल्या हातांनी खराब होऊ नये म्हणून वरून पॉलिशचा एक हात मारला. अजून तसाच चमकतोय तो कागद.

मी कितीही बोलले तरी एक कबूल करते, असं खाऊ घालणारे आईबाप मी पाहिले नाहीत. भोपळा वाफवायचा, डाळ घोटायची, तेल मोजून घालायचं, संत्र्याची साल तर काढायचीच पण वरचा पांढरा धागाही काढायचा. माझा भाऊ टेबलाच्या पायाला जेवढा वेळ देतो, तेवढाच मुंगीच्या वाटीला द्यायचा. मुंगी चौदा महिन्यांची झाली तेव्हा भावजयीला पहाटेची पाळी लागली आणि अंगावरचं सुटलं. तेव्हापासून सकाळचं सगळं बापाकडे आलं. दुपारी तो मुंगीला आणि तिच्या पिशवीला माझ्याकडे सोडून जायचा, साडेतीनला आई येऊन घेऊन जायची. खाली गल्लीत गाड्या, धूळ, म्हणून मी तिला आतच ठेवायचे. माझ्या मशीनजवळ चिंध्यांच्या ढिगात बसून ती खेळायची.

दुधाचा पहिला डबा संपत आला तेव्हाची गोष्ट. शेवटचा कप प्यायली आणि खोकायलाच लागली. जीभ बाहेर काढून हाताने पुसायला लागली. भावाने उरलेलं दूध काचेच्या पेल्यात ओतून खिडकीत ठेवलं. तासाभराने तळाशी बोटाच्या पेराएवढा पांढरा थर. तो पेला घेऊन तो खाली आला.

‘ताई, हे बघ.’

मी तो गाळ बोटांत चोळून पाहिला. पीठ नाही, साय नाही. ‘खडू आहे हा,’ मी म्हटलं, ‘घ्या आणखी विकतचं. गाईने कधी कोणाला खडू पाजलाय का?’

‘डब्यावर लिहिलंय, वापरण्यापूर्वी चांगलं हलवा.’

‘मग?’

‘ते काय, सगळ्याच डब्यांवर लिहितात,’ तो म्हणाला. ‘गाळ कळू नये म्हणून.’

वीस वर्षं हाच माणूस असे डबे बघत आलेला. त्याला त्यात शंका घेण्यासारखं काही वाटलंच नाही आणि मला तर गाळ दिसल्याचा आनंदच झाला होता. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे कापड मागायला आला. मी म्हटलं, लेकीला पॉलिश पाजतोस की काय? ‘दूध गाळायला हवंय,’ म्हणाला. ‘बारीक विणीचं दे. आणि दुपदरी कर.’ एका गिऱ्हाइकाच्या पडद्याचा उरलेला तुकडा माझ्याकडे होता, चांगला घट्ट विणीचा. मी तो उकळत्या पाण्यातून काढला, दुपदरी केला, चारी कडा दुमडून शिवल्या, कोपऱ्याला अडकवायला नाडीसुद्धा लावली. एकाचे दोन करून दिले. माझ्या हातून एवढं नीट काम फार दिवसांनी झालं होतं.

मग रोजचं ठरून गेलं. डबा रात्रभर फ्रिजमध्ये हलू द्यायचा नाही. सकाळी हा तो दोन्ही हातांनी उचलणार, जसं काही झोपलेलं मूल. हळूच तिरपा करून दूध फडक्यातून कपात. डबा संपत आला की तळाची दोन बोटं सिंकमध्ये. वापरलेलं फडकं मुंगीच्या पिशवीतून माझ्याकडे यायचं, कारण त्याच्याकडे सगळीकडे स्पिरिटचा वास. मी ते नळाखाली धरायचे. विणीत अडकलेलं पांढरं पाण्याबरोबर निघून जायचं, चोळावं लागायचं थोडं. चोळता चोळता मनात म्हणायचे, बाप असावा तर असा. आठ महिने रोज मी ते फडकं धुतलं, वाळवलं आणि घडी घालून परत पिशवीत ठेवलं.

मुंगी पंधराव्या महिन्यात चालली होती. अठराव्यात पळायची, माझ्या सुईदोऱ्याचा डबा घेऊन पळायची. मग कधीतरी पळणं थांबलं. चार पावलं टाकायची आणि मटकन खाली बसायची. उचलून घ्या म्हणून हात वर करायची. मी म्हणायचे, लाडावलीय. बापाने डोक्यावर बसवून ठेवलंय.

मला कळलं ते पायजम्यावरून. ती दोन वर्षांची व्हायला आली होती, मी तिला नवा पायजमा शिवला. घातला तर आतली शिवण फिरली, गुडघ्याजवळ कापड बाहेर ओढलं जात होतं. मला वाटलं कापताना चुकलं. उसवला, पुन्हा कापला, पुन्हा शिवला. पुन्हा तेच. एवढ्या वर्षांत माझी शिवण कधी अशी फिरली नव्हती. तिसऱ्यांदा घालून तिला टेबलाला धरून उभी केली, घोटे जुळवले, आणि बघते तर गुडघ्यांच्या मधून माझी चार बोटं जात होती. शिवण सरळ होती. पाय वाकडे होते.

मी मशीन तशीच टाकून वर गेले आणि तोंडाचा पट्टा सोडला. काय काय बोलले ते आता आठवायची लाज वाटते. दूध द्या पोरीला, म्हटलं. तुमची तत्त्वं तुमच्या हाडांवर चालवा, तिच्या हाडांवर नको. भावजय नुकतीच कामावरून आली होती, अंगावर गणवेश होता. ती म्हणाली, ‘ताई, कागदावर आहे ते सगळं देतोय आम्ही. एक दिवस चुकलो नाही.’ मी म्हटलं, कागद खाऊन हाडं होत नाहीत. भाऊ मधे पडला नाही. दाराशी उभा राहून त्या चमकणाऱ्या कागदाकडे बघत होता, कुठली ओळ राहिली ते शोधत असल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी भावजयीने गाईच्या दुधाची पिशवी आणली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी वर गेले तेव्हा ती पातेल्यासमोर उभी होती आणि तोंडावर ओढणी धरली होती, वासासाठी. कपात ओतून फुंकर घालून तिने मुंगीपुढे धरलं. मुंगीने एक घोट घेतला आणि भुर्रकन उडवला. पुन्हा धरला, पुन्हा उडवला. भावजय म्हणाली, ‘मी माझ्या मनासाठी पोरीचे पाय वाकवले ना, ताई?’ आणि खालीच बसली. खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं. माझंच खरं झालं असं वाटलं. माणूस किती हलका असतो बघा.

हाडांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ मिळाली ती नेमकी भावजयीच्या पाळीत. खिडकीवर बदली कोणी मिळेना, म्हणून भाऊ आणि मी मुंगीला घेऊन गेलो. रक्त काढलं, फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी फोटो दिव्यासमोर धरून दाखवला. मनगटाजवळ हाडाची टोकं सरळ रेषेत संपायला हवीत, ती उसवलेल्या कापडासारखी दिसत होती. कॅल्शियम फार कमी आहे, ड जीवनसत्त्वही कमी आहे, हाड मऊ पडलंय आणि अंगाच्या भाराने वाकतंय, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, ‘हिला काय काय देता?’

मी तोंड उघडणार तेवढ्यात भाऊ बोलायला लागला. जन्मात एवढं बोलला नसेल. तेल, डाळ, वाटाणे, संत्रं, शेंगदाणे वाटून, थेंब रोज, दूध दोन कप. सगळा कागद पाठ. डॉक्टरीणबाई एकेक लिहून घेत होत्या आणि त्यांच्या कपाळावर आठी पडत होती. ‘हे चांगलं आहे,’ त्या म्हणाल्या. ‘हे सगळं खरोखर देता?’

‘रोज,’ तो म्हणाला. त्याला ते लागलं होतं.

‘दोन कप ते दूध पीत असेल तर कॅल्शियम इतकं खाली यायला नको.’ त्या पेनाने टेबलावर टकटक करत राहिल्या. ‘डबा नीट हलवून घेता ना? घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं.’

भाऊ म्हणाला, ‘गाळतो.’

‘काय?’

‘गाळून देतो. दुपदरी कापडातून. खाली पांढरं बसायचं. मला वाटलं खडू.’

‘खडूच असतो एका अर्थाने,’ त्या हळू म्हणाल्या. ‘तेच कॅल्शियम.’

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी त्यांच्याशी भांडले असते, तेवढाच आधार. त्यांनी शांतपणे सांगितलं की जेवणात खोट नव्हती, असं जेवून वाढलेली मुलं त्या रोज बघतात, कागदावरचं जसंच्या तसं पोटात गेलं असतं तर हे झालं नसतं. ऊनही मिळालेलं दिसत नाही, म्हणाल्या. मी गल्लीतल्या धुळीचा विचार करत बसले. गाईचं दूध न दिल्याने झालं, असं त्यांनी म्हटलं असतं तर मी सुटले असते. वर्षभर आरडाओरडा केला, सगळ्या चुका बोलून दाखवल्या आणि खरी चूक तेवढी मी रोज नळाखाली धरून चोळत होते. पोरीची हाडं मी स्वतःच्या हाताने वाहत्या पाण्यात सोडत होते आणि वर बापाचं कौतुक करत होते. भावाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

घरी आल्यावर तो फ्रिजमधला डबा काढून त्यावरची ती ओळ वाचत उभा राहिला. साडेतीनला भावजय आली. तिला बसूही न देता त्याने सांगितलं, ‘दुधातलं कॅल्शियम तळाशी बसतं. मी ते गाळून फेकत होतो.’

ती पायातले बूटही न काढता खुर्चीवर बसली. ‘म्हणजे, गाईचं दिलं नाही म्हणून नाही?’

‘नाही.’

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडायला लागली. किती दिवसांचं ओझं उतरलं असेल. मग रडता रडता हात खाली घेतले आणि नवऱ्याकडे पाहिलं. तिचं ओझं कुठे जाऊन बसलं, ते तिला कळलं असावं. ती उठली, त्याच्या दंडाला धरलं. तो ‘मी’ म्हणाला होता. मी गाळलं, मी फेकलं. फडकं कोणी शिवलं, कोणी धुतलं, ह्याचा उल्लेख नाही. मला वाटलं, गडबडीत त्याच्या लक्षात आलं नाही. आणि मी, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही असं सगळी गल्ली म्हणते, ती मुंगीची टोपी हातात धरून गप्प उभी राहिले. त्याच दुपारी खाली जाऊन वाळत घातलेलं दुसरं फडकं मी कात्रीने बारीक चिरून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी सहा महिने दिले होते. कॅल्शियमचं पातळ औषध, ड चे थेंब, सकाळचं ऊन, आणि दूध मात्र हलवून. सहा महिन्यांत हाड भरलं तर वाक पुढे सरळ होण्याची आशा. नाही भरलं तर अजून वाकणार. सोपं वाटतं ऐकायला. भावाने डबा असा हलवला की हात दुखेपर्यंत. कप भरून दिला. मुंगीने ओठ लावला आणि कप ढकलला. आठ महिने तिला मऊ, नितळ पाजलेलं, आता जिभेला भुकटी लागते. तिने भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट केलं, जिथे पहिलं फडकं अजून टांगलेलं होतं, आणि बापाकडे बघत राहिली. रोज त्याच्या हातात बघितलेलं होतं ना तिने. तो कप घेऊन तसाच बसून राहिला. मी ते फडकं खिळ्यावरून ओढून घेतलं.

मग काय काय नाही केलं. भोपळ्यात कालवलं. पावाच्या पिठात घातलं. बापाने तिच्यासमोर कपच्या कप पिऊन दाखवला, आईने बाहुलीला पाजला. एक दिवस अर्धा कप जायचा आणि आम्हाला हायसं वाटायचं, की दुसऱ्या दिवशी शून्य. औषध तर जीभ लावताच ओकायची. चार वेळा थोडं थोडं द्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तर चार वेळा थोडं थोडं ओकायची. तरी हळूहळू त्यातलं काही पोटात राहायला लागलं. सकाळी भाऊ काम सोडून तिला पायरीवर उन्हात घेऊन बसायचा, पायजमा वर गुंडाळून. येणारे जाणारे पायांकडे बघायचे. तो तिच्या नडगीवरून अंगठा फिरवत राहायचा. लाकडाचा वाक तो असाच तपासतो, पण लाकडाचं पुढे काय करायचं ते त्याला माहीत असतं.

त्याचं काम बिघडलं. बाटली निवळलेली असायची, चार दिवसांची सहा दिवस झालेली असायची, पण हा ओतायलाच धजायचा नाही. समोर बसून राहायचा. ‘ताई, तळाचं नक्की टाकायचंच असतं ना?’ असं मला विचारलं त्याने एकदा. मला, जिला लाख आणि गोंद ह्यातला फरक कळत नाही. मी म्हटलं, अरे वीस वर्षं टाकतोयस की. म्हटलं आणि जीभ चावली.

सहा महिन्यांनी आम्ही चौघंही गेलो. ह्या वेळी भावजयीने रजा घेतली होती. नवा फोटो आला. डॉक्टरीणबाईंनी जुना आणि नवा शेजारी लावले. टोकं आता सरळ दिसत होती, भरलेली. ‘छान,’ त्या म्हणाल्या, ‘हाड पक्कं झालंय.’ मग मुंगीला टेबलावर उभं करून घोटे जुळवले आणि गुडघ्यांमध्ये बोटं घातली. तीन बोटं गेली.

‘चार होती,’ भाऊ म्हणाला.

‘हो. थोडं कमी झालंय.’ त्या खुर्चीत बसल्या. ‘पण आता हाड पक्कं झालंय ते ह्या वाकासकट. वाढता वाढता सरळ होईल कदाचित. काहींचं होतं. काहींचं राहतं. पाच वर्षांची होईपर्यंत बघू, मग शस्त्रक्रियेचं ठरवू.’

‘तोपर्यंत आम्ही काय करायचं?’ भाऊ म्हणाला.

‘आता करताय तेच. आणि वाट बघायची.’

‘आणखी काही?’

‘नाही,’ त्या म्हणाल्या.

तो उठेना. आणखी काहीतरी असेल, अवघड का असेना, असं त्याला वाटत असावं. रोज चार तास पाय चोळा, डोंगर चढा, उपाशी राहा, काहीही. भावजयीने त्याच्या खांद्याला हात लावला तेव्हा उठला.

भावजय औषधाच्या रांगेत थांबली, मुंगीला काखेत घेऊन. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. एक म्हातारीशी बाई आमच्याबरोबर आतून बाहेर आली होती, जाता जाता थांबली. ‘ती मघाची तुमची मुलगी ना? दूध पाजा हो तिला जरा, पाय बघा कसे झालेत.’ वर्षापूर्वी हे वाक्य माझं होतं, अगदी असंच, ह्याच सुरात. भाऊ म्हणाला, ‘हो आजी, पाजतो.’ ती समाधानाने निघून गेली.

ती वळणावरून दिसेनाशी झाली आणि मला राहवेना. ‘ते फडकं मी शिवलं होतं,’ मी म्हटलं. ‘रोज मीच धुवायचे. हाताला लागायचं ते पांढरं. आठ महिने धुतलं रे, आणि तुझ्या बायकोला मात्र दूध दूध करून रडवलं.’

‘माहीत आहे,’ तो म्हणाला.

‘मग त्या दिवशी तिला सांगितलं का नाहीस?’

तो नखाखालचा रंग काढत होता. ‘तिला सांगितलं असतं तर तिने मुंगीला दुपारी तुझ्याकडे ठेवलं असतं का? मग तू काय केलं असतंस, ताई?’

तेवढ्यात भावजय औषधं घेऊन बाहेर आली. पिशवी, पावती, बाटल्या, सगळं एका हातात मावेना. ‘ताई, हिला धरा जरा,’ म्हणत तिने मुंगी माझ्याकडे दिली, आणि मी धरली.